सिद्धांताआधी प्रश्न शोधा: विकासाच्या अर्थशास्त्राचा पहिला पेपर कसा वाचावा

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही सोलापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, गाव मंगळवेढा तालुक्यात आहे, आणि या सत्रात ‘विकासाचे अर्थशास्त्र’ हा पेपर आला आहे. विकसनशील देशांची दहा वैशिष्ट्ये तोंडपाठ आहेत, पण लुईस, नर्क्से, हर्षमन, रोस्टोव्ह ही नावे एकमेकांत मिसळतात. आकृत्या काढता येतात, पण त्या काय सांगतात ते उमगत नाही. गणिताची धास्ती आहे आणि चांगली पुस्तके इंग्रजीत आहेत. शेवटी तुम्ही विचारले आहे: हा विषय समजून घेता येतो, की पाठच करावा लागतो?

समजून घेता येतो, आणि तुम्ही जिथे राहता तिथे राहून तो फार चांगला समजून घेता येतो. मी सोलापुरात पदवीच्या वर्गांना हा विषय बरीच वर्षे शिकवतो आहे. तुमची अडचण पाठांतराची किंवा गणिताची आहे असे मला वाटत नाही. तुमच्यापुढे उत्तरे ठेवली गेली आहेत, ती ज्या प्रश्नांची उत्तरे आहेत ते प्रश्न मात्र कोणी सांगितलेले नाहीत. गाइडमध्ये प्रत्येक सिद्धांताचा साचा एकच असतो: प्रस्तावना, गृहीतके, स्पष्टीकरण, आकृती, टीका. सगळे एकाच मापाने कापल्यावर कोण कशासाठी बोलत होता हे हरवते आणि नावे मिसळतात. तुमच्या जागी कोणाचीही मिसळली असती.

थोडे परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधी सांगतो. सत्रपरीक्षा चांगल्या गुणांनी पार पाडणे एवढेच सध्या हवे असेल तर खाली लिहिलेले निम्मे केले तरी पुरेल. एमपीएससी किंवा यूपीएससीचा विचार असेल तर भारतातली आकडेवारी आणि योजना यांच्यावर जास्त वेळ द्यावा लागेल. एम.ए. करून पुढे संशोधनाकडे जायचे असेल तर संख्याशास्त्र आणि इंग्रजी वाचन आजपासून सुरू करा, त्याला पर्याय नाही. अभ्यासक्रमही बदलत असतो, म्हणून आपल्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून चालू वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि गाइड त्याच्याशी ताडून पाहा. मात्र वाट कोणतीही असो, पहिल्या महिन्यात करायचे काम तेच आहे.

सुरुवात मोजमापापासून करा, कारण पुढचे सगळे वाद तिथून निघतात. दरडोई उत्पन्न म्हणजे एकूण उत्पन्न भागिले लोकसंख्या, हे तुम्हाला माहीत आहे. पण दोन देशांची तुलना करताना रुपयांचे डॉलर बाजारातल्या विनिमय दराने केले तर चित्र फसवे येते. सोलापुरात केस कापायला जे लागते ते न्यूयॉर्कमध्ये कितीतरी पट जास्त लागते, आणि कटिंगसारख्या सेवा एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता येत नाहीत. त्यामुळे गरीब देशात त्या स्वस्तच राहतात. हा फरक धरून केलेले रूपांतर म्हणजे क्रयशक्ती समता, जिला सगळे पीपीपी म्हणतात. जागतिक बँकेची दारिद्र्यरेषा याच हिशेबात मांडलेली असते. जून २०२५ पासून ती दिवसाला माणशी ३ डॉलर आहे, त्याआधी २.१५ डॉलर होती. हे डॉलर बाजारभावाने रुपयांत बदलायचे नसतात, हे लक्षात ठेवले तर अर्धी गफलत टळते.

दारिद्र्यरेषेच्या बाबतीत मराठी विद्यार्थ्याने एक गोष्ट अभिमानाने माहीत करून घ्यावी. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक मिळायला किती खर्च लागतो, आणि तेवढाही खर्च करू न शकणारे लोक किती, असा त्यांचा प्रश्न होता. पुढे सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने २००९ मध्ये ही रेषा नव्याने मांडली. त्या पद्धतीने २०११-१२ साठी ग्रामीण भागात माणशी महिना ८१६ रुपये आणि शहरी भागात १,००० रुपये अशी रेषा आली, आणि देशातले २१.९ टक्के लोक तिच्याखाली होते. आता वही काढा आणि पाच माणसांच्या घरासाठी ८१६ ला पाचाने गुणा. ४,०८० रुपये. त्या वर्षी तुमच्या गावात एवढ्या पैशात महिना कसा निघाला असता, हे घरच्यांना विचारा. किराणा, दवाखाना, एसटीचे भाडे, वह्या-पुस्तके असा हिशेब एकदा मांडलात, की या रेषेवर देशभर इतका वाद का झाला ते कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.

उत्पन्न वाढले म्हणजे विकास झाला का, हा दुसरा मोठा प्रश्न. १९९० पासून निघणारा मानव विकास निर्देशांक याच प्रश्नातून आला. महबूब उल हक यांचा पुढाकार होता आणि अमर्त्य सेन यांचा विचार त्यामागे होता. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न या तीन बाजू त्यात आहेत. बांगलादेशाचे दरडोई उत्पन्न बराच काळ भारतापेक्षा कमी होते, तरी तिथले सरासरी आयुर्मान भारताच्या पुढे गेले. हे एक उदाहरण पक्के समजले तरी ‘वृद्धी आणि विकास यांतील फरक’ या प्रश्नाला दोन पाने अर्थपूर्ण लिहिता येतात.

आता त्या मिसळणाऱ्या नावांकडे येऊ. त्यांना पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने न लावता प्रश्नाप्रमाणे लावा.

पहिला प्रश्न: गरिबीची कोंडी कुठून फोडायची? नर्क्से म्हणाला की उत्पन्न कमी म्हणून बचत कमी, बचत कमी म्हणून भांडवल कमी, भांडवल कमी म्हणून उत्पादकता कमी, आणि म्हणून पुन्हा उत्पन्न कमी. बाजाराच्या बाजूनेही तेच: लोकांकडे पैसा नाही म्हणून माल खपत नाही, माल खपत नाही म्हणून कोणी कारखाना काढत नाही. हे दुष्टचक्र. मग ते तोडायचे कसे? रोझेनस्टाइन-रोडान १९४३ मध्ये म्हणाला, अनेक उद्योग एकाच वेळी उभे करा म्हणजे एकाचे कामगार दुसऱ्याचे गिऱ्हाईक होतील. तोच प्रबळ धक्का. नर्क्सेचा संतुलित वाढीचा आग्रहही त्याच दिशेचा. हर्षमनने १९५८ मध्ये उलट बाजू घेतली. तो काही वर्षे कोलंबियात काम करून आला होता. त्याचे म्हणणे, गरीब देशाकडे एवढे सगळे एकदम उभारायची ताकद असती तर तो गरीब राहिलाच नसता. म्हणून असा उद्योग निवडा ज्याच्या मागे-पुढे इतर उद्योग आपोआप ओढले जातील. म्हणजे नर्क्से, रोझेनस्टाइन-रोडान आणि हर्षमन हे तीन वेगवेगळे धडे नव्हेत. एकाच प्रश्नावर तिघांची चर्चा चालली आहे. असे वाचले की नावे मिसळत नाहीत, कारण कोण कोणाला उत्तर देतो आहे ते दिसते.

हर्षमनच्या ‘मागच्या आणि पुढच्या जोडण्या’ पाहायच्या तर आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही साखर कारखान्याच्या गेटवर हंगामात अर्धा दिवस उभे राहा. मागे ऊस, ठिबक, खतांची दुकाने, ट्रॅक्टर-ट्रॉली, त्या दुरुस्त करणारी गॅरेजे. पुढे मळीपासून आसवनी आणि इथेनॉल, चिपाडापासून वीज. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्यानंतर भीमेच्या काठाने हे सगळे वाढत गेले. हर्षमनला हवे होते तसेच. पण इथेच थांबू नका. हा जिल्हा वर्षाला सरासरी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसाचा आहे, आणि ऊस हे पाणी पिणारे पीक आहे. कालव्याच्या डोक्याकडच्या शिवारात जोडण्या तयार झाल्या आणि तुमच्याच तालुक्याच्या दक्षिणेकडची गावे वर्षानुवर्षे पाण्यासाठी झगडत राहिली. जोडण्या मोजताना पाण्याची वाटणी कोण मोजणार, असा प्रश्न उत्तरपत्रिकेत टीकेच्या भागात लिहिलात तर तो गाइडमधल्या सहा मुद्द्यांपेक्षा जास्त मोलाचा ठरेल.

दुसरा प्रश्न: सगळे देश एकाच वाटेने जातात का? रोस्टोव्ह १९६० मध्ये हो म्हणाला आणि त्याने पाच टप्पे दिले. नाही म्हणणाऱ्यांत प्रेबिश आणि सिंगर आहेत. १९५० च्या सुमारास त्यांनी दाखवले की कच्चा माल विकणाऱ्या देशांच्या व्यापारशर्ती, म्हणजे विकलेल्या मालाच्या बदल्यात बाहेरून किती माल मिळतो ते प्रमाण, दीर्घकाळात घसरत जातात. त्यांच्याही आधी दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानातून संपत्ती बाहेर कशी वाहून जाते ते मांडले होते. श्रीमंत देशांनी जी वाट चालली तीच वाट त्यांनी इतरांसाठी अडवली असेल, तर टप्प्यांची शिडी लागू पडत नाही. रोस्टोव्हवर मी वर्गात एका तासापेक्षा जास्त वेळ घालवत नाही. तुम्हीही घालवू नका.

लुईसवर मात्र आठवडा द्या. माझ्या मते या पेपरमधली ही सर्वांत सुपीक कल्पना आहे आणि सोलापूरच्या विद्यार्थ्याला ती इतर कोणापेक्षा जवळून पाहता येते.

लुईसचा प्रश्न असा होता: ज्या देशात शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे आहेत तिथे कारखानदारी वाढायला कामगार आणि भांडवल कुठून येईल? आकृती तूर्त बाजूला ठेवा. समजा पाच भावांचे कोरडवाहू शेत आहे आणि २० पोती ज्वारी होते. वाटून खाल्ली तर प्रत्येकाला ४ पोती. त्यातला एक भाऊ शहरात गेला आणि तरी १९ पोती पिकली, तर त्या भावाने उत्पादनात घातलेली भर फक्त १ पोत्याची होती; पण तो खात होता ४. पहिला आकडा सीमांत उत्पादन, दुसरा सरासरी उत्पादन. ही छुपी बेकारी. शेतावर सगळे दिसतात कामात, पण एक गेल्याने फारसे अडत नाही. आता मिलवाल्याला त्या भावाला बोलवायचे तर ४ पोत्यांच्या किमतीपेक्षा थोडी जास्त मजुरी द्यावी लागेल. गावात असे भाऊ पुष्कळ आहेत तोवर मजुरी त्याच पातळीवर राहील. मजुरी स्थिर आणि उत्पादन वाढते, म्हणजे नफा वाढतो. तो नफा पुन्हा यंत्रांत घातला की आणखी भाऊ लागतात. शेवटी गावातले जास्तीचे हात संपतात आणि मजुरी चढू लागते. तो वळणबिंदू. आता आकृती उघडा. आडवी रेषा का आडवी आहे आणि वक्र उजवीकडे का सरकतात ते आपोआप कळेल.

सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, म्हणजे नेमकी १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात. मागोमाग आणखी मिल आल्या. आसपासच्या कोरडवाहू गावांतून आणि तेलंगणातून माणसे आली. पूर्वभागातली पद्मशाली वस्ती त्याच प्रवाहाची साक्ष आहे. लुईसने १९५४ मध्ये जे लिहिले त्याचा पहिला अर्धा भाग इथे आधीच घडून गेला होता. दुसरा अर्धा भाग घडला नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इथल्या बहुतेक मोठ्या मिल बंद पडल्या. लुईसच्या यंत्राला नफा त्याच जागी, आणि हातांना काम देणाऱ्या यंत्रांतच पुन्हा घातला जावा लागतो. नफा दुसरीकडे गेला, जुनी यंत्रे तशीच राहिली, किंवा कामगार कमी करणारी यंत्रे आली, तर ती साखळी तुटते. ही त्याची गृहीतके. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, गृहीतके पाठ करू नका. ‘यातले कोणते खोटे ठरले तर काय मोडेल?’ असे प्रत्येकापुढे लिहा.

मिल बंद पडल्यावर ती माणसे शेतीकडे परत गेली का? बहुतेक गेली नाहीत. ती यंत्रमागावर गेली, हमालीत गेली, रिक्षावर गेली, आणि त्यांच्या घरातल्या बाया विड्या वळत होत्याच. लुईसच्या चित्रात दोनच खोल्या आहेत, शेती आणि भांडवली क्षेत्र. सोलापूरचा मोठा भाग या दोहोंच्या मधल्या ओसरीत राहतो. १९७२ च्या सुमारास केनियाच्या अभ्यासांतून या भागाला अनौपचारिक क्षेत्र हे नाव रूढ झाले. ते हळूहळू आपोआप विरघळेल असे तेव्हा पुष्कळांना वाटत होते. कुंभारीला जाऊन या: विडी कामगार महिलांची १०,००० घरांची वसाहत, आणि नंतर असंघटित कामगारांसाठी हाती घेतलेला ३०,००० घरांचा प्रकल्प. एवढी घरे लागतात म्हणजे हे क्षेत्र वाटेतला तात्पुरता थांबा नाही. विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते. काम घरात होते, आणि घरचे सगळे करत करत होते. अशा बाईला पाहणीत ‘तुम्ही काय करता?’ असे विचारले तर ‘घरीच असते’ असे उत्तर येऊ शकते. स्त्रियांच्या श्रमसहभागाचे आकडे वाचताना ही गोष्ट मनात ठेवा.

टीकेचा एक भागही इथेच सांगतो, कारण तो वाचण्यासारखा आहे. थिओडोर शुल्ट्झने विचारले, शेतीवरची जास्तीची माणसे खरोखर काहीच भर घालत नसतील तर ती अचानक नाहीशी झाल्यावर पेरा घटायला नको. त्याने १९१८-१९ ची इन्फ्लुएन्झाची साथ घेतली, जिला आपल्याकडचे जुने लोक मानमोडी म्हणत. हिंदुस्थानात त्या साथीत शेतीवर काम करणारी माणसे मोठ्या संख्येने दगावली, आणि पेरणीखालचे क्षेत्रही घटले. म्हणजे त्यांचे काम शून्य नव्हते. सेन यांनी यावर आक्षेप घेतला: साथीने अख्खी घरे उद्ध्वस्त होतात, आणि कामाला गेलेला एक भाऊ ही वेगळी गोष्ट आहे, कारण त्याच्या मागे राहिलेले भाऊ त्याचे काम वाटून घेतात. १९७९ चे नोबेल लुईस आणि शुल्ट्झ या दोघांना मिळून देण्यात आले. विषय असा वाद घालत पुढे जातो हे एकदा दिसले की ‘टीकात्मक परीक्षण करा’ या शब्दांची भीती राहत नाही.

लुईसला जोडूनच हॅरिस आणि तोडारो यांचे १९७० चे स्थलांतराचे प्रतिमान वाचा. तुमच्या वर्गातले निम्मे मित्र पदवीनंतर पुण्याला जाण्याच्या गोष्टी करत असतील. नोकरीची खात्री नसताना लोक का जातात? समजा गावाकडे महिन्याला १०,००० मिळतात, पुण्यात कंपनीत लागले तर २४,०००, पण लागण्याची शक्यता निम्मी. अपेक्षित उत्पन्न १२,०००. म्हणून माणूस निघतो. माणसे जात राहिली की लागण्याची शक्यता घसरत जाते, आणि अपेक्षित उत्पन्न १०,००० वर आले की ओघ थांबतो. यातून एक विचित्र वाटणारा निष्कर्ष निघतो: शहरात नुसत्या नोकऱ्या वाढवल्या तर शक्यता पुन्हा चढते, आणखी लोक येतात आणि शहरातली बेकारी वाढूही शकते. मग गावाकडचे १०,००० वाढवणे हाही शहराच्या बेकारीवरचाच उपाय ठरतो. गणिताची धास्ती म्हणालात ना? एवढेच गणित आहे. हॅरॉड-डोमार यांचे वाढीचे प्रतिमान तर त्याहून सोपे: बचतीचा दर २४ टक्के, १ रुपयाचे जादा उत्पादन काढायला ४ रुपयांचे भांडवल लागते, तर वाढ ६ टक्के. लोकसंख्या १ टक्क्याने वाढत असेल तर माणशी सुमारे ५. आणि वाढीच्या दराने ७० ला भागले की उत्पन्न दुप्पट व्हायला लागणारी वर्षे मिळतात. ७ टक्क्यांना १० वर्षे, साडेतीन टक्क्यांना २०. या पेपरला यापलीकडे गणित क्वचितच लागते.

आता एक विषय, जो अभ्यासक्रमात एखाद्या ओळीत येतो आणि माझ्या मते ज्यावर जास्त वेळ द्यायला हवा: गरीब देशांत बाजार वेगळे का वागतात. पहिल्या वर्षी तुम्ही शिकलात की श्रमाचा बाजार वेगळा, कर्जाचा बाजार वेगळा. ऊसतोडीत हे दोन्ही एकच आहेत. तोडीला जाणारे जोडपे, ज्याला ‘एक कोयता’ म्हणतात, हंगामाच्या आधी मुकादमाकडून उचल घेते. ती उचल पुढच्या काही महिन्यांच्या कामातून फिटते, किंवा फिटत नाही आणि पुढच्या हंगामावर जाते. बँक या जोडप्याला कर्ज देत नाही, कारण तारण ठेवायला त्यांच्याकडे काही नाही आणि बँकेला त्यांची माहितीही नाही. मुकादमाला दोन्ही अडचणी नाहीत. तो त्यांना ओळखतो, आणि त्यांचे पुढचे श्रम हेच त्याचे तारण आहे. अर्थशास्त्रात याला परस्पर गुंतलेले बाजार म्हणतात. यात व्याज कुठे लिहिलेले नसते. ते कमी मजुरीत दडलेले असते. म्हणून ‘सावकारी बंद करा’ किंवा ‘किमान वेतन वाढवा’ असा एकच उपाय केला तर दुसऱ्या बाजूने तोटा भरून काढला जाऊ शकतो. नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केलेली बचत गटांची बँक जोडणी याच अडचणीवरचे उत्तर आहे: तारण नसेल तर गटातल्या बायकांची एकमेकींबद्दलची माहिती आणि एकमेकींवरचा दबाव तारणाचे काम करतो. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी बचत गटात नक्की असेल. हप्ता चुकला तर काय होते ते विचारा. माहितीची विषमता हे प्रकरण तेवढ्याने समजेल.

आणि घरात सत्तरीच्या पुढचे कोणी असेल तर बहात्तरच्या दुष्काळाबद्दल विचारा. मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी), सुकडी (मदत म्हणून वाटलेला कोरडा खाऊ), खडी फोडायला जाणे हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला मिळतील. १९८१ मध्ये सेन यांनी मांडले की उपासमार अन्नाच्या तुटवड्यानेच होते असे नाही. अन्न मिळवण्याचा लोकांचा हक्क कोसळला की ती होते. शेत वाळले की शेतमजुराचे काम जाते, काम गेले की बाजारात धान्य असूनही त्याला ते घेता येत नाही. महाराष्ट्रात १९७०-७३ च्या दुष्काळात सरकारने लोकांच्या हाताला काम आणि हातात पैसा दिला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. त्या काळात मोठ्या प्रमाणावर भूकबळी टळले, ही या विषयातली जगभर अभ्यासली गेलेली गोष्ट आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी पुढे रेटलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि २००५ मध्ये देशाने तीच कल्पना घेतली. आपल्या आजी-आजोबांनी ज्या बांधावर माती टाकली तो बांध विकासाच्या अर्थशास्त्राच्या इतिहासाचा भाग आहे, हे विद्यार्थ्यांना कळावे असे मला फार वाटते.

अलीकडच्या दोन गोष्टी थोडक्यात. २०१९ चे नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळाले. चिठ्ठ्या टाकल्यासारखी काही गावे निवडून त्यांत एखादी योजना राबवायची आणि उरलेल्यांशी तुलना करायची, ही त्यांची पद्धत. २०२४ चे नोबेल असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन यांना मिळाले. देशांची भरभराट तिथल्या संस्थांवर, म्हणजे मालमत्तेचे हक्क, कायदा, सत्तेवरचा अंकुश यांवर कशी अवलंबून असते हा त्यांचा विषय. पदवीच्या पेपरला एवढे पुरते.

आकडे कुठून घ्यायचे? राज्य सरकार दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ मराठीतून काढते. तिचा शेती आणि रोजगाराचा भाग वाचा. प्रत्येक जिल्ह्याचे ‘सामाजिक व आर्थिक समालोचन’ असते. सोलापूरचे मिळवा आणि त्यात आपला तालुका शोधा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे जिल्हावार तक्ते आहेत. देशपातळीवर पाचवी पाहणी २०१९-२१ ची, आणि तिच्यात पाच वर्षांखालच्या ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. कुटुंबांच्या खर्चाच्या २०२२-२३ च्या पाहणीत माणशी सरासरी मासिक खर्च ग्रामीण भागात ३,७७३ आणि शहरात ६,४५९ रुपये आला. शेतीवर देशातले सुमारे ४५ टक्के कामगार आणि उत्पन्नात शेतीचा वाटा पाचव्या हिश्शाहून कमी, हा एक आकडा लुईसच्या उत्तरात घातलात की उत्तराला वजन येते. असे दहा-बारा आकडे, प्रत्येकापुढे वर्ष लिहून, वहीच्या शेवटच्या पानावर ठेवा. त्याहून जास्त लक्षात राहत नाहीत आणि लागतही नाहीत.

भाषेचे म्हणाल तर समजून मराठीत घ्या आणि संज्ञा दोन्ही भाषांत लिहून ठेवा. उजव्या पानावर मराठी, डाव्या पानावर तीच संज्ञा इंग्रजीत. सत्र संपेपर्यंत शंभरएक संज्ञा होतील. मग तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत इंग्रजी पाठ्यपुस्तकातले एकच प्रकरण, शक्यतो स्थलांतराचे, सावकाश वाचा. विषय आधीच माहीत असल्यामुळे भाषा तेवढी अडवणार नाही.

परीक्षेत ‘लुईसच्या सिद्धांताचे टीकात्मक परीक्षण करा’ असा प्रश्न आला तर पहिल्या परिच्छेदात त्याचा प्रश्न लिहा, दुसऱ्यात भावांचे उदाहरण आकड्यांसह, मग आकृती, मग कोणते गृहीतक मोडले तर काय मोडते, आणि शेवटी सोलापूरच्या मिलचे सात-आठ ओळींत. पेपर तपासताना एकाच गाइडची तीस उत्तरे वाचल्यावर असे एक उत्तर आले की हात थांबतो आणि पूर्ण वाचले जाते. वैशिष्ट्यांच्या प्रश्नात दहाऐवजी सहाच लिहा, पण एकातून दुसरे कसे निघते ते बाणांनी जोडून दाखवा.

या आठवड्यात एवढेच करा: वहीचे एक पान घेऊन डाव्या बाजूला अभ्यासक्रमातली सगळी नावे लिहा आणि प्रत्येकासमोर एका वाक्यात त्याचा प्रश्न लिहा. उत्तर लिहू नका, फक्त प्रश्न. जिथे प्रश्न लिहिता येणार नाही ती नावे मला कळवा, त्यांच्यावर पुढे बोलू.